उपाय तबकडीत बसला नाही

भोसरीच्या ज्या खोलीत मी नोकरीचे सुरुवातीचे दिवस काढले, तिच्यावर एक गाणं आहे आणि ते गाणं रेकॉर्डवर आहे. चावी देऊन वाजवायच्या फोनोची ती काळी, जड, हातातून पडली की फुटणारी रेकॉर्ड. तिच्यात शाहिराच्या मागून 'जी जी रं जी' असा एक बारीक, घाबरलेला आवाज येतो. तो माझा. बाकीचे दोन झीलकरी मोकळ्या गळ्याने गातात आणि तू एकटाच असा चोरासारखा का, असं मला पुढे पुष्कळांनी विचारलं. कारण सरळ होतं. गाण्यात ज्या घरमालकाची सालं काढली होती, तो मालक आमच्यासमोर खुर्चीवर बसून गाणं ऐकत होता. आणि त्याने मला खोलीतून काढलं असतं तर मी संपलो असतो.

'संपलो असतो' हे मी उगीच फुगवून लिहीत नाही. मी मराठवाड्याकडचा. आमचा मुलूख तेव्हा हैदराबाद राज्यात. चौथीच्या पुढची शाळा तालुक्याला, आणि ती उर्दूत. मला तालुक्याचीही भीती वाटली आणि उर्दूचीही, म्हणून मी चौथीतच सुटलो. मग मोठा झाल्यावर पोटासाठी इतका लांब आलो की तालुका त्यापुढे अंगण वाटावं. पिंपरीला सरकारी औषधाच्या कारखान्याचं बांधकाम चाललं होतं. तिथे मी सिमेंटची पाटी उचलायला लागलो. मुकादमाची एक विचित्र अट होती. ज्याला राहायचा पत्ता नाही, त्याला कामावर ठेवायचं नाही. म्हणे, "पत्ता नसलेला माणूस म्हणजे धूर. सकाळी दिसतो, दुपारी न्हाई." त्यामुळे खोली गेली की काम गेलं, आणि काम गेलं की गावी परत. गावी मी सांगून आलो होतो की आता परत येतो तो मोठा होऊनच.

पिंपरीत निर्वासितांच्या बराकी माणसांनी भरून वाहत होत्या. आकुर्डीला विचारलं, तिथे माझी बोली ऐकून लोक म्हणाले, 'कुठला रं तू?' आणि दार लोटून घेतलं. शेवटी भोसरीला एका शेतकऱ्याने जनावरांच्या गोठ्यात कूड घालून खोल्या काढल्या होत्या, तिथे गेलो. मालक दारात कडबा झाडत होता. मी जागा आहे का म्हणून विचारलं.

"आत शिरून बगा," तो म्हणाला. "जागा असली तर तुमची. नसली तर न्हाई."

मी आत शिरलो. सात माणसांच्या वळकट्या होत्या आणि मधोमध एक म्हैस होती. म्हशीची गव्हाण आणि भिंत यांच्यामध्ये एक पट्टा होता, माझ्या अंगाच्या मापाचा. मी तिथे आडवा होऊन पाहिलं. मावलो. बाहेर येऊन मालकाच्या पायाच पडलो. तो दचकला. म्हणाला, "आवं, पाया कशाला पडता, भाडं द्या म्हंजी झालं." पण मला त्याचे उपकार वाटले ते वाटलेच. आजही वाटतात. हे सगळं लिहिताना माझ्या मनात त्याच्याविषयी राग सापडतो का ते मी शोधून पाहिलं, सापडला नाही.

शाहीर आमच्याच खोलीतला. साताऱ्याकडचा, बांधकामावर गवंड्याच्या हाताखाली. कामावरून आला की डफ काढायचा. त्याला देवाची गाणी येत, राजांची येत, पण त्याचा जीव रमायचा तो रोजच्या दुखण्यात. रेशनच्या गव्हात किडे निघाले, की त्यावर गाणं. मुकादमाने खाडा लावला, त्यावर गाणं. चाल अशी रडकी आणि ठेका असा उडता की ऐकणाऱ्याला डोळे पुसावे की पाय हलवावे ते कळू नये. मी आलो त्याच आठवड्यात त्याने मला झीलकरी केलं. माझा आवाज चांगला म्हणून नव्हे. "तू गव्हाणीमागं झोपतोस, तुझा आवाज लांबनं आल्यावानी येतो," म्हणाला. "झीलकऱ्याला तेच पायजे, भावा."

पिंपरीच्या गणपतीत त्याचं गाणं मुंबईच्या रेकॉर्ड कंपनीच्या एका माणसाने ऐकलं. ती मंडळी पुण्यात एक हॉल भाड्याने घेऊन इकडच्या कलावंतांची गाणी भरून घेणार होती. तो म्हणाला, "देवादिकांच्या रेकॉर्डी भरपूर झाल्या. आम्हाला आजचं पाहिजे. लोकांच्या अडचणी." शाहिराने सांगितलं, अडचणींना तोटा नाही. ठरलं असं की रेकॉर्डच्या एका बाजूला रेशनचं गाणं आणि दुसऱ्या बाजूला खोलीचं.

खोलीचं गाणं म्हणजे आमच्याच खोलीचं. शाहिराने ते कामावर, विटा भिजवताना रचलं होतं, त्यामुळे मालकाच्या कानावर कधी आलं नव्हतं. त्यात नाव कुणाचंच नव्हतं, पण एकदा खोली पाहिलेल्या माणसाला नावाची गरजही नव्हती.

मी म्हणालो, "शाहीर, मालकाला कळलं तर?"

"कुठनं कळंल? त्याच्याकडं फोनो हाय का?"

हे मला पटलं. आणि त्याच दिवशी मालक खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. धुतलेलं धोतर, डोक्याला पटका.

"आमच्या खोलीतला मानूस रेकॉर्डीत जानार म्हंत्यात," तो म्हणाला. "मग म्या येनार. बैलगाडी जुपतो. तुमी काय चालत जानार व्हय?"

आम्ही नको नको म्हणालो. जितकं नको म्हणालो तितका तो खूश झाला. त्याला वाटलं आम्ही भिडेपोटी म्हणतोय. त्याच्याच गाडीत बसून, त्याच्याच घरची भाकरी खात, आम्ही त्याच्याविरुद्धचं गाणं घेऊन पुण्याला निघालो. वाटेत त्याने शाहिराला विचारलं, "गानं कशावर हाय?"

शाहीर म्हणाला, "अडचणीवर."

"झ्याक," मालक म्हणाला. "अडचनी लई झाल्यात."

हॉलमध्ये शिरलो आणि माझा विश्वासच बसेना. चारही भिंतींना गाद्या टांगल्या होत्या. आवाज घुमू नये म्हणून, असं नंतर कळलं. आम्ही आठ जण जमिनीवर झोपणारे, आणि इथे भिंती गादीवर. शाहिराने एक गादी दाबून पाहिली आणि माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं आता ह्याचंही गाणं होणार.

रेकॉर्डवाला साहेब चष्म्याचा, घाईतला. त्याने समजावलं. लाल दिवा लागला की गायचं. मेणाच्या ताटावर सुई आवाज कोरत जाते; एकदा कोरलं की पुसता येत नाही. तीन मिनिटं झाली की ताट संपतं, मग तुम्ही गात असा नाही तर नसा. "तुमच्या वाटणीला दोनच मेणं," तो म्हणाला. "बाहेर बॅण्डवाले खोळंबलेत. चूक करायची नाही. आणि हे गृहस्थ कोण?"

"म्या मालक," मालक म्हणाला आणि खुर्ची ओढून बसला.

"आत कोणी थांबायचं नाही."

"गाडी माझी हाय. बैल माझं हायत. ह्यांच्या पोटातली भाकर माझी हाय. आन म्या भाईर?"

साहेबाने घड्याळाकडे पाहिलं. "बरं बसा. पण बोलायचं नाही, शिंकायचं नाही, खोकायचं नाही."

"खोकला आलाच तर?"

"गिळायचा."

मालकाने मान डोलावली आणि आधीच एकदा गिळून पाहिला.

रेशनचं गाणं नीट पार पडलं. मग दुसरं मेण चढवलं. दिवा लागला. शाहिराने डफावर थाप मारली आणि मालकाकडे पाठ करून उभा राहिला. त्यामुळे मालकाचं तोंड माझ्या वाट्याला आलं.

*खिडकी म्हनता खिडकी न्हाई, धूर विचारी जाऊ कुठं,*
*रडती सारे सकाळ-संध्या, मेलं तर न्हाई कुनी इथं!*

जी जी रं जी, मी म्हणालो. मालक मान हलवत होता.

*आठ गडी अन् एकच खोली, झोप अशी की कवायत,*
*एक वळला की सारे वळती, न्हाईतर तंटा, पंचायत!*

मालकाने तोंडावर पटक्याचं टोक दाबलं. त्याला हसू आवरत नव्हतं. मला वाटलं, हा आता रागाच्या पलीकडे गेला.

*म्हशीला जागा मधोमध, मानूस झोपे कडंकडं,*
*म्हैस न देई छदाम, भाडं मानसाकडनं रोकडं!*

इथे मालक उठला. माझा 'जी' घशातच राहिला; रेकॉर्डवर तिथे एक बारीक फट ऐकू येते ती माझी. तो चवड्यांवर, आवाज न करता, साहेबाच्या हुकुमाबरहुकूम खोकला गिळत शाहिराजवळ आला. त्याने कनवटीचा रुपया काढला आणि शाहिराच्या डफावर ठेवला.

आता ज्यांनी कधी शाहिराचा कार्यक्रम पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. गाणं चालू असताना कुणी बक्षीस दिलं तर शाहिराने थांबायचं, देणाऱ्याचं नाव बापाच्या आणि गावाच्या नावासकट पुकारायचं, आणि मग पुढे गायचं. हे न करणं म्हणजे ताटात वाढणाऱ्याच्या हातावर मारणं. आमच्या शाहिराने आयुष्यभर जत्रांमधून हेच केलं होतं. डफावर रुपया वाजला आणि त्याच्या तोंडून, त्याला विचारल्याशिवायच, ते निघून गेलं. खणखणीत आवाजात त्याने मालकाचं नाव घेतलं, बापाचं घेतलं, आडनाव घेतलं, आणि मग म्हणाला, "भोसरी गावचे प्रतिष्ठित शेतकरी, खोल्यांचे मालक, यांच्याकडून शाहिराला एक रुपया बक्षीस! शाहीर त्यांचा आभारी हाय!"

आणि आम्ही झीलकरी, तेही सवयीने, "आभारी हाय जी जी रं जी!"

दिवा विझला. ताट संपलं होतं. पुढे आणखी एक कडवं होतं, सगळ्यात महत्त्वाचं, या सगळ्यावर उपाय काय ते सांगणारं. उपाय तबकडीत बसला नाही.

साहेब काचेमागून डोकं धरून आला. "हे काय केलंत हो?"

"बक्षीस आलं," शाहीर म्हणाला. "पुकारायला नको?"

"रेकॉर्डमध्ये?"

"मग कुठं? घरी जाऊन पुकारू?"

"म्या रुपया दिला," मालक दुखावून म्हणाला. "शिंकलो का? बोललो का?"

साहेबाने बाहेर बॅण्डवाल्यांच्या तुताऱ्या ऐकल्या आणि हात जोडले. "राहू दे. खरं वाटेल लोकांना."

परतीच्या वाटेवर गाडी चालली होती आणि मी मालकाच्या पाठीकडे बघत होतो. शेवटी तो स्वतःच बोलला. "शाहीर, बरा सोलला तुमी त्याला."

"कुणाला?" शाहिराने जपून विचारलं.

"आमच्या चुलतभावाला, आनखी कुनाला? त्याच्या खोल्यांत म्हैस हाय न्हवं!"

"मालक," मी न राहवून म्हणालो, "म्हैस तर आपल्याही..."

शाहिराने माझ्या मांडीला असा चिमटा काढला की मी बैलाचं नाव घेऊन ओरडलो.

"आपली व्यालीया," मालक म्हणाला. "वल्या बाळंतिनीला काय वाऱ्यात बांधू? तिचं येगळं. त्याचं मन काळं हाय."

तर असं होतं ते. मालक आणि त्याचा चुलतभाऊ, दोघांचे गोठे शेजारी शेजारी, दोघांनी त्यात खोल्या काढलेल्या, आणि भावकीतल्या कुठल्याशा बांधावरून बोलणं बंद. दोघांपैकी प्रत्येकाला दुसऱ्याची म्हैस स्पष्ट दिसायची.

रेकॉर्ड निघाली. काही दिवस काही झालं नाही आणि मी जरा बरा झोपू लागलो. मग चुलतभावाच्या मुलाचं लग्न आलं. त्याने पुण्याहून बॅटरीवर चालणारा लाउडस्पीकर आणला आणि रेकॉर्डींची पेटी. जेवणाच्या पंगती बसल्या होत्या. आमचा मालक लग्नाला गेला नव्हता, पण आपल्या ओट्यावर बसून ऐकत होता. आम्ही खालीच होतो. एकाएकी आमच्या शाहिराचा आवाज अख्ख्या गावावर पसरला. म्हशीचं कडवं आलं, आणि त्याला लागूनच मालकाचं नाव, बापाचं नाव, खोल्यांचे मालक.

मालक उठून उभा राहिला. छाती पुढे. "आयकलं का? माझं नाव."

तिकडे कुणीतरी सुई उचलून मागे ठेवली. पुन्हा म्हशीचं कडवं, पुन्हा मालकाचं नाव. पंगतीतून हसण्याचा लोट आला.

"पुन्यांदा लावलं," मालक म्हणाला. पण छाती थोडी आत गेली.

तिसऱ्यांदा लावलं. लाउडस्पीकरमधून चुलतभावाचाच आवाज आला, "मंडळी, सावकाश जेवा, म्हशीला घाई न्हाई!" आता हसणं असं उठलं की आमची म्हैससुद्धा आतून ओरडली. मालक हळूहळू खाली बसला. गाणं ज्या क्रमाने पोचतं तो क्रम त्याला पहिल्यांदा कळला. आधी गुन्हा, मग लगेच नाव.

मी खोलीत जाऊन माझी ट्रंक बांधली. शाहीर म्हणाला, "थांब की गड्या." पण मला वाटलं, काढायच्या आधी आपण तयार असलेलं बरं, काढणाऱ्याला त्रास कमी. मी ट्रंकेवर बसून राहिलो.

मालक आला. आमच्याकडे त्याने पाहिलंच नाही. खोलीकडे पाहत राहिला, पाहुण्याच्या नजरेने. मग म्हणाला, "ही म्हैस सोडा हितनं."

"मालक?"

"चिंचंखाली बांधा. आन पहार आना."

त्याने स्वतःच्या हाताने भिंतीला भोक पाडलं. दिवस कलेपर्यंत त्याची खिडकी झाली. मग तो रस्त्यावर जाऊन येणाऱ्या-जाणाऱ्याला हाका मारू लागला. "या, बगा! म्हैस दिसती का? खिडकी न्हाई म्हंत्यात, मंग ही काय हाय? लावा म्हनावं आता रेकॉर्ड! लबाड रेकॉर्ड हाय!"

हा त्याचा डाव होता. रेकॉर्ड पुसता येत नाही ना, मग खोलीच अशी करायची की रेकॉर्ड खोटी पडेल.

मला तर स्वर्ग मिळाला. गव्हाण गेली, तिथे मी पाय पसरले. खिडकीतून वारा आला. मी मालकाला पुन्हा नमस्कार केला. पण शाहिराचं तोंड उतरलं. दुसऱ्या दिवशी कामावर लोक त्याला म्हणू लागले, "काय राव शाहीर, खिडकी हाय की तुमच्यात! आन म्हैस कुठंय? बनवून गाता व्हय?" शाहिराला उपास चालला असता, पण हे चालेना. त्याचं सगळं आयुष्य एका गोष्टीवर होतं: जे आहे ते गातो.

दोन दिवसांनी मी कामावरून आलो तर म्हैस आत. शाहीर तिचं दावं धरून उभा.

"शाहीर! हिला कशाला आणलं?"

"ती आपनच आली," तो म्हणाला. पण दाव्याची गाठ त्याच्या हाताची होती. "आन ती चादर घे, खिडकीवर टाक."

"अहो, वारा येतोय."

"वारा येतोय पन माझी अब्रू जातीय! तुला काय, नुसतं जी जी म्हनायचं."

मी चादर टाकली. मालक आला, त्याने चादर काढली, म्हैस बाहेर नेली. संध्याकाळी शाहिराने म्हैस आत आणली. असं काही दिवस चाललं. म्हैस बिचारी दारात दोन पाय आत, दोन पाय बाहेर अशी थबकू लागली. कुणीकडचा हुकूम आधी येतो याची वाट बघत. मालक मला एकटं गाठून म्हणायचा, "तुमी शानं हाय, समजवा त्याला." शाहीर म्हणायचा, "तू माझा झीलकरी का त्याचा?" मी दोघांनाही हो म्हणायचो. दोघांचेही उपकार होते माझ्यावर.

मग एका सकाळी चुलतभावाने ओट्यावर फोनो आणला. म्हशीचं कडवं सोडून दिलं, खिडकीचंही सोडून दिलं, आणि आठ गड्यांचं कडवं लावलं. मोठ्याने म्हणाला, "म्हैस काढली, भोक पाडलं. आन हे काय खोटं हाय? मोजा की आत!"

मालक आमच्या दारात आला. त्याचा चेहरा पाहूनच मला कळलं. म्हणाला, "चार जन ऱ्हा. चार जन उद्या दुसरीकडं बगा."

 सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी सगळ्यांत शेवटी आलेला. पहिला जाणारा मीच. मुकादम डोळ्यांसमोर आला, त्याचं ते धुराचं बोलणं आलं, गावचा रस्ता आला. पाय पसरायला मिळाले होते, त्याच जागेवर मी पुन्हा आखडून बसलो. उपाय तबकडीत बसला नव्हता ते बरंच म्हणायचं. जे बसलं त्याचाच उपाय इतका होत होता.

शाहीर उसळून उभा राहिला. "एकबी जानार न्हाई! आठच्या आठ ऱ्हातील!"

माझे डोळे भरून आले. मी म्हणालो, "शाहीर, तुम्ही माझ्यासाठी..."

"तुझ्यासाठी न्हाई रं," तो म्हणाला. "गान्यात आठ हायत."

मालक म्हणाला, "गान्यात हायत म्हनूनच नगंत!"

दोघांची जुंपली. शाहीर आठ म्हणे, मालक चार म्हणे. दोघेही लाल झालेले, कुणी मागे हटेना. आणि मला, भीतीने माणसाला काहीही सुचतं तसं, सुचलं. मी म्हणालो, "मालक, एका खोलीत चारच दिसले म्हणजे झालं ना?"

"मग?"

"मध्ये पत्रा लावू. दोन खोल्या होतील. ह्या खोलीत चार, त्या खोलीत चार."

मालक माझ्याकडे पाहत राहिला. शाहीरही पाहत राहिला. मालकाचं समाधान झालं, कारण एका खोलीत चार. शाहिराने मनातल्या मनात ठेका धरून पाहिला आणि त्याचंही समाधान झालं, म्हणाला, "तसं बगितलं तर पत्रा म्हंजी काय भिंत न्हवं. आठ ते आठच."

रविवारी मालकाने गाडीतून पत्रा आणला. वळ्यावळ्यांचा, हिरवा रंग उडालेला, एका बाजूला गोळीएवढी भोकं. मी आणि शाहिराने तो खोलीच्या मधोमध उभा केला, वर तुळईला सुतळीने बांधला, खाली दगड लावले. खिडकी शाहिराच्या अर्ध्यात गेली. माझ्या अर्ध्यात ना खिडकी ना दार. शाहिराच्या खोलीतून पत्र्याच्या कडेने अंग चोरून यायचं. पण जागा होती. पत्ता होता. मी पत्र्याला हात लावून नमस्कार केला.

मालक तडक शेजारच्या ओट्याकडे गेला. किती वर्षांनी तो चुलतभावाशी बोलला असेल देव जाणे. "चल," म्हणाला. "मोज."

चुलतभाऊ आला. अंगठीची बोटं, पानाने रंगलेलं तोंड. खोलीच्या दारात उभा राहून त्याने शाहीर आणि इतर तिघांना पाहिलं. मी पलीकडे होतो, बाकीच्या तिघांबरोबर, श्वास धरून. पत्र्याच्या भोकातून मला त्याचा एक डोळा आणि अर्धी मिशी दिसत होती.

"चार," मालक म्हणाला. "हाय का आठ?"

"आन हे काय?"

"भिंत."

"ही भिंत?" चुलतभाऊ म्हणाला आणि त्याने पत्र्याला पायाने ढोसलं.

सुतळी तुटली. पत्रा असा काही आवाज करत कोसळला की चिंचेखालची म्हैस दावं तोडून पळाली. धूळ उडाली. धूळ बसली तेव्हा आम्ही आठ जण एकमेकांसमोर बसलेले, आणि दारात दोघे भाऊ.  मला वाटलं, संपलो.

"धरा रं!" मालक ओरडला.

आणि आम्ही धरला. या बाजूने चौघांनी, त्या बाजूने चौघांनी, पत्रा उचलून पुन्हा मध्ये उभा केला आणि हाताने धरून ठेवला. माझी बोटं वळ्यांत रुतली. पलीकडे शाहीर धापा टाकत होता. त्याचा श्वास मला पत्र्यातून कळत होता.

 मी भोकातून पाहिलं. चुलतभाऊ हसत नव्हता. तो पत्र्याकडे पाहत होता, मग वर तुळईकडे, मग पावलांनी खोलीची लांबी मापल्यासारखा दोन पावलं इकडे, दोन पावलं तिकडे. त्याच्याही खोल्यांमध्ये माणसं दाटलेली होती. त्याच्याकडेही म्हैस होती.

"दोन खोल्या म्हंजी," तो सावकाश म्हणाला, "भाडंबी दोन खोल्यांचं?"

मालक दचकला. हे त्याच्या डोक्यात आलं नव्हतं. ते आता आलं.

"व्हय तर," तो म्हणाला.

"हां." चुलतभावाने मिशीवरून बोट फिरवलं. मग एकदम घरच्या आवाजात, जणू बांधाचं भांडण कधी झालंच नव्हतं, विचारलं, "पत्रा कुठनं आनलास रं?"

"देहूरोडला मिलिटरीचा लिलाव व्हता."

"आनखी हाय का तिथं?"

"ढीग पडलाय. पर येक हाय, जाड बग. पातळ घेतलास तर वाजतो."

दोघे दारात टेकले. पान निघालं. जाड पत्रा, पातळ पत्रा, सुतळी बरी का तार, खाली दगड बरा का खड्डा, असं निघालं. पलीकडून शाहीर पुटपुटला, "ह्यावर कडवं करतो बग." आमचे हात भरून आले होते. माझ्या शेजारचा हळूच म्हणाला, "सोडायचा का आता?" मी मान हलवून नको म्हणालो. सोडा, असं कुणीच सांगितलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर कुणी सांगू नये असंच मला वाटत होतं. जोवर मी भिंत धरून उभा होतो, तोवर मला त्या खोलीतून जा म्हणणं त्या दोघा भावांपैकी कुणालाच परवडणार नव्हतं.